वाचकांचे प्रश्न : हौदातले पाणी आणि लेकरांचा हिवताप

मागील अंकात पावसाळी तापांविषयी लिहिताना हिवतापाचा, म्हणजेच मलेरियाचा, उल्लेख ओझरता झाला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख पाच वर्षांखालील मुलांकडे होता. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी आणि माझी सून, दोघी घरी विड्या वळतो. चौदा महिन्यांच्या नातीला श्रावणात ताप आला. दात येत असतील म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो, दृष्टही काढली. तिसऱ्या दिवशी गल्लीतील दवाखान्यात इंजेक्शन दिले, तेव्हा ताप उतरला आणि परत चढला. सहाव्या दिवशी रक्त तपासले तर मलेरिया निघाला. गोळ्यांनी तीन दिवसांत ताप गेला. उरलेल्या गोळ्या कडू म्हणून दिल्या नाहीत. आता दोन महिन्यांनी पुन्हा तसाच ताप आला आहे. पहिले औषध चुकले, की डास पुन्हा चावला? (एक आजी, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : आपण दिवसांचा हिशेब इतका नीट लिहिला आहे, की उत्तर त्या हिशेबातच सापडते. आपल्या भागात हिवतापाचे परजीवी मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. अहवालात कोणता लिहिला होता हे आपण कळवलेले नाही. तथापि ताप पूर्ण जाऊन दोन महिन्यांनी पुन्हा येणे, ही व्हायवॅक्सची ओळखीची चाल आहे. डासाने चावा घेतल्यावर हे परजीवी प्रथम यकृतात जातात. त्यांतील काही लगेच वाढून रक्तात उतरतात, तर काही यकृतातच झोपी जातात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा डास न चावताही, जागे होतात. क्लोरोक्विन रक्तातील परजीवींचा नाश करते, म्हणून ताप तीन दिवसांत जातो. यकृतात दडलेल्यांपर्यंत मात्र ते पोहोचत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन हे दुसरे औषध असते आणि ते रोज, सलग चौदा दिवस द्यावे लागते. आपण ज्या गोळ्या उरल्या म्हणता, त्या बहुधा याच असाव्यात. नव्या डासाची शक्यता शून्य आहे असे मी म्हणत नाही, पण दोष आधी त्या उरलेल्या गोळ्यांकडे जातो.

मात्र घरात ठेवलेली जुनी पट्टी काढून आज नातीला देऊ नये. प्रायमाक्विन एक वर्षाखालील बालकांना आणि गरोदर स्त्रियांना देत नाहीत. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. औषध सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा मूल पांढरेफटक पडले, तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. म्हणून पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा वजन आणि त्या वजनाला लागणारी मात्रा, असा क्रम ठेवावा. क्लोरोक्विन उपाशीपोटी देऊ नये. गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर ती मात्रा पुन्हा द्यावी लागते. गोळीची पूड मधात किंवा साखरेच्या पाण्यात कालवून दिली, तर कडवटपणा बराच लपतो.

आता दातांविषयी. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करते. पण अंग भाजेल इतका ताप दातांमुळे येत नाही. दृष्ट काढण्याला माझा आक्षेप नाही, कारण त्याने मुलाला इजा होत नाही. मात्र मिरच्या-मोहरी ओवाळून झाल्यावर त्याच दिवशी बोटातून रक्ताचा थेंबही काढून घ्यावा. मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, मग ताप चढतो आणि शेवटी घाम फुटून ताप उतरतो. एवढ्या लहान मुलात हा क्रम क्वचितच स्पष्ट दिसतो. मूल मलूल पडते, दूध ओढत नाही, उलट्या किंवा जुलाब करते, कधी नुसते खोकते, आणि घरातील सर्वांना वाटते की पोट बिघडले किंवा सर्दी झाली. आपले गेलेले पाच दिवस याच समजुतीत गेले, आणि हे केवळ आपल्या घरी घडते असे नाही. रक्त न तपासता आधी इंजेक्शन आणि सलाइन देण्याची आपल्याकडील रीतही याला तितकीच जबाबदार आहे, हे डॉक्टर म्हणून मला मान्य केले पाहिजे.

हे दिवस इतके मोलाचे का, तेही सांगतो. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे आठशे मिलिलिटर, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी रक्त असते. परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, तेथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. त्यामुळे जे मूल आधीच अशक्त आणि रक्त कमी असलेले आहे, ते पाहता पाहता पांढरे पडते. फाल्सिपेरम असेल तर बाधित पेशी मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटतात आणि झटके येऊन मूल बेशुद्ध होऊ शकते. यकृतात साखरेचा साठा मुळातच थोडा असल्यामुळे, न खाणाऱ्या तापकरी मुलाच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. मूल काहीच पीत नसेल, प्यायलेले सर्व उलटून टाकत असेल, झटका आला असेल, उठवूनही उठत नसेल, तळहात पांढरे दिसत असतील किंवा धाप लागली असेल, तर गल्लीतील दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आमची वसाहत नवी आहे, गटारे बंदिस्त आहेत, कचरा रोज उचलला जातो. तरीही शेजारच्या दोन मुलांना मलेरिया झाला. डास बाहेरच्या वस्त्यांमधून येतात का? आणि धुराची गाडी महिन्यातून एकदाही का फिरत नाही? (जुळे सोलापूर)

उत्तर : प्रश्नातील रोष समजू शकतो, पण त्याची दिशा तपासून पाहावी लागेल. गटारातील घाण पाण्यात जो डास वाढतो तो प्रामुख्याने क्युलेक्स. तो रात्रभर कानाशी गुणगुणतो आणि हत्तीरोग पसरवतो, मात्र हिवताप पसरवत नाही. हिवताप पसरवते ॲनोफिलीसची मादी. शहरात याच जातीतील स्टीफेन्सी हा डास मुख्य वाहक असतो आणि त्याला स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. गच्चीवरील झाकण नसलेली टाकी, अंगणातील सिमेंटचा हौद, बांधकामावर विटा भिजवण्यासाठी भरलेले टाके, वापरात नसलेली विहीर, ही त्याची घरे होत. त्यामुळे बाहेरच्या वस्तीकडे बोट दाखवण्याआधी आपल्याच गच्चीवर एकदा चढावे, असे मी नम्रपणे सुचवीन; नव्या वसाहतीत टाक्याही अधिक असतात आणि शेजारी बांधकामेही चालू असतात.

सोलापूरचे दुखणे असे, की येथे पाणी साठवणे हा कोणाचा षोक नाही. उजनीचे पाणी शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत आले आहे आणि नळ आला की घागरीपासून पिंपापर्यंत, हाताला लागेल ते भांडे भरून ठेवावे लागते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उबदार दिवसांत साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, वाळवून भरावीत, म्हणजे ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्य खाते सांगते. परंतु चार-पाच दिवसांनी येणारे पाणी जेमतेम पुरवणाऱ्या बाईला ‘पिंप ओतून टाका’ असे सांगणे सोपे आहे आणि तिने ते ऐकणे अवघड. माझ्या मते उपदेश थोडा बदलला पाहिजे. नळ येण्याच्या आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी, पिंपात तळाशी थोडे पाणी उरलेले असताना, ते धुण्याभांड्यांना किंवा झाडांना वापरून पिंपाच्या आतील कडा काथ्याने घासाव्यात. भरल्यावर तोंडाला जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे दुहेरी फडके ताणून बांधावे. मोठा हौद उपसणे शक्यच नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात आणि हिवताप कार्यालयाकडून अनेक ठिकाणी ते विनामूल्य मिळतात.

महापालिकेचे कर्मचारी हौदात जे अळीनाशक टाकून जातात, त्या औषधाची दहशत अनावश्यक आहे. टेमिफॉस नावाचे हे औषध ठरलेल्या प्रमाणात, म्हणजे एक लिटर पाण्याला एक मिलिग्रॅमपर्यंत, पिण्याच्या पाण्यातही चालते असे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे. कर्मचाऱ्याची पाठ वळताच हौद ओतून देणारी घरे मी पाहिली आहेत. पाणीही जाते आणि औषधही.

आपल्या पाण्यात अळ्या कोणाच्या आहेत, हे घरबसल्या कळू शकते. पांढऱ्या वाटीत थोडे पाणी घ्यावे. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगत असेल तर ती ॲनोफिलीसची. डोके खाली आणि शेपटी वर करून तिरकी लोंबत असेल तर ती क्युलेक्सची किंवा डेंग्यूच्या एडिसची. शाळकरी मुलांना हे एकदा दाखवून पाहा. नंतर ती गल्लीतील एकही हौद सोडत नाहीत.

धुराच्या गाडीविषयी थोडक्यात : तो धूर त्या क्षणी हवेत उडणाऱ्या डासांनाच मारतो, टाकीतील अळ्यांना त्याचे काहीच होत नाही. साथ उसळली की त्याचा उपयोग आहे. एरवी गाडी फिरली म्हणजे काम झाले असे वाटते आणि गच्चीवरील टाकी उघडीच राहते.

प्रश्न : आमच्या गावालगत गाळप हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांची लहान मुले अंगणवाडीत येतात, कधी येत नाहीत. तापाची मुले पुष्कळ असतात. त्यांच्यामुळे गावात मलेरिया येतो असे गावकरी म्हणतात. मी नेमके काय करावे? (अंगणवाडी सेविका, पंढरपूर तालुका)

उत्तर : गावकऱ्यांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि उरलेले अर्धे ते सांगत नाहीत. परजीवी माणसाच्या रक्तातून प्रवास करतो हे खरे. परंतु तो पसरवणारा डास गावाचाच असतो, गावच्या पाण्यात वाढलेला. ग्रामीण भागात क्युलिसीफेसीस हा ॲनोफिलीस डास मुख्य वाहक आहे. कालव्याच्या पाझराची डबकी, शेतातील पाट, ओढ्याच्या कडेचे साचलेले पाणी आणि विहिरी यांत तो वाढतो. गुरांचे रक्त त्याला अधिक आवडते आणि दिवसा तो गोठ्यात दडून बसतो. आता कोपीचे, म्हणजे ऊसतोड कुटुंबाच्या खोपटाचे, चित्र डोळ्यांसमोर आणा. पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाचा आडोसा, दाराशी बांधलेली बैलजोडी, पलीकडे पाटाचे पाणी, आणि आईबाप पहाटे अंधारातच फडावर गेलेले असताना उघड्यावर झोपलेली दोन मुले. फवारणी करायला या घराला भिंतच नसते. अशा मुलांना हिवताप अधिक होतो यात नवल नाही, आणि त्यातील बरीचशी मुले मुळात कमी वजनाची असल्यामुळे त्यांना तो झेपतही नाही.

टोळ्या येतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पावसाळा संपून डासांची चलती अजून ओसरलेली नसते तेव्हा. डासाने बाधित रक्त प्यायल्यावर परजीवी त्याच्या शरीरात तयार व्हायला अनुकूल हवेत दहा-बारा दिवस लागतात आणि डास तेवढे दिवस जगला पाहिजे. त्यासाठी हवेत ओल लागते. आपल्याकडील एप्रिल-मेची कोरडी आग त्याला मानवत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धातील आणि दिवाळीपर्यंतची हवा मानवते. पुढे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत परजीवीची ही वाढ मंदावते. याचा अर्थ, टोळी उतरल्यानंतरचे पहिले चार-सहा आठवडे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहेत.

त्या काळात आशाताईंना बरोबर घेऊन कोप्यांवर एक फेरी ठेवावी. जे मूल तापाचे असेल, किंवा गेल्या पंधरवड्यात तापून गेले असेल, त्याचा रक्तनमुना घ्यावा. बोटाच्या थेंबावरील झटपट चाचणी पंधरा-वीस मिनिटांत निष्कर्ष देते. चाचणी एकदा नकारात्मक आली आणि ताप टिकून राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घ्यायला संकोच करू नये. व्हायवॅक्सचे डासाला लागण देणारे रूप रक्तात फार लवकर, कधी ताप ओळखण्याआधीच, उतरते. म्हणून तपासणीस झालेला प्रत्येक दिवसाचा उशीर गावातील इतर मुलांनाही भोवतो.

आणखी एक अडचण आपल्याला चौदा दिवसांच्या औषधात येईल. टोळी मध्येच दुसऱ्या गावी हलते आणि गोळ्या अर्धवट राहतात. यावर एक साधा मार्ग मला उपयोगी वाटतो. औषधाची तारीखवार चिठ्ठी आईजवळ द्यावीच, पण मुकादमालाही सांगून ठेवावे. टोळी कोठे आणि कोणत्या दिवशी हलणार हे सर्वांत आधी त्यालाच कळते. मुले गावच्या यादीत नाहीत म्हणून ती कोणाचीच जबाबदारी नाही, असे मात्र होऊ देऊ नये. आपण पत्र लिहिलेत यावरून आपण तसे होऊ देणार नाही असे दिसते.

प्रश्न : मी गिरणीतून निवृत्त झालो. आमच्या लहानपणी थंडीताप घरोघर होता. कोयनेल (क्विनीन) प्यायचे, गोधडीत पडायचे आणि चार दिवसांनी हुंदडायचे. आताची मुलेच नाजूक झाली आहेत काय?

उत्तर : काका, आपण हुंदडलात म्हणून आज पत्र लिहिता आहात, जी मुले त्या गोधडीतून उठली नाहीत, त्यांची पत्रे येत नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख मृत्यू होत, असा तेव्हाचा अंदाज आहे. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांत डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी झाली. ती आपल्याला आठवत असेल. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. मग ढिलाई झाली, डास डीडीटीला सरावले आणि 1976 मध्ये पुन्हा 64 लाख रुग्ण नोंदले गेले. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना दिसला तो 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादला, म्हणजे आपल्या शेजारीच. एवढा जुना शत्रू ओळखीचा असूनही असा निसटतो.

आपल्या प्रश्नात एक शास्त्रीय मुद्दा मात्र आहे. जेथे हिवताप वारंवार होतो तेथे पुन्हा पुन्हा लागण होऊन शरीराला हळूहळू, अर्धवट का होईना, प्रतिकारशक्ती येते. पहिले काही महिने बाळाला आईकडून आलेली प्रतिद्रव्ये आणि जन्मतःचे वेगळे हिमोग्लोबिन सांभाळतात. नंतर ते कवच जाते आणि स्वतःचे अजून तयार झालेले नसते. सहा महिने ते पाच वर्षे हा काळ म्हणूनच घातक. आफ्रिकेत आजही हिवतापाच्या दर चार बळींत सुमारे तीन बळी पाच वर्षांखालील मुलांचे असतात, ते यामुळे. आपल्या भागात आता हिवताप तुलनेने कमी असल्याने आईजवळच फारशी प्रतिकारशक्ती नसते आणि त्यामुळे तान्ह्या बाळालाही ते कवच पुरेसे मिळत नाही. मुले नाजूक झाली आहेत असे नव्हे. त्यांची हिवतापाशी ओळख नाही, आणि ती नसलेलीच बरी. आपल्या काळच्या अनेक मुलांच्या पोटात डाव्या बाजूला पाणथरी (प्लीहा) वाढलेली असे. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पोटाला हात लावून, किती जणांची पाणथरी लागते यावरून गावात हिवताप किती मुरला आहे हे ठरवण्याची पद्धतच होती. ज्याला आपण हुंदडणे म्हणता, ते पुष्कळदा कमी रक्तावरचे हुंदडणे होते.

प्रश्न : मलेरियाची लस पुण्यात तयार होते असे वाचले. ती मुलाला कोठे मिळेल?

उत्तर : आर-ट्वेंटीवन ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस ऑक्टोबर 2023 मध्ये केली. त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्ये आरटीएस-एस या पहिल्या लशीची केली होती. दोन्ही लशी फाल्सिपेरमविरुद्ध आहेत, पाच महिन्यांपासून चार मात्रांत दिल्या जातात आणि आफ्रिकेतील देशांत वापरल्या जात आहेत. व्हायवॅक्सवर त्यांचा उपयोग नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात या लशी नाहीत, त्यामुळे त्यांच्या शोधात पुण्याच्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मला मलेरिया झाला आहे. चार महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजू का?

उत्तर : जरूर पाजावे. हिवताप दुधातून किंवा स्पर्शाने पसरत नाही. औषध घेताना बाळ अंगावर पीत आहे हे डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण प्रायमाक्विन तुम्हाला आत्ता द्यायचे की नाही हे त्यावर ठरते. बाळाला ताप आला तर ‘माझ्या दुधातून उष्णता गेली’ असे न म्हणता त्याचेही रक्त तपासून घ्यावे. ज्या खोलीत तुम्हाला डास चावला, त्याच खोलीत तेही झोपले होते.

प्रश्न : येथील उकाड्यात मच्छरदाणीत बाळ घामाघूम होते आणि रडते. त्याऐवजी कॉइल लावली तर चालेल का?

उत्तर : बंद खोलीत कॉइलचा धूर तान्ह्याच्या छातीला सोसत नाही, जेथे आधीच चूल किंवा तंबाखूची धूळ आहे अशा घरात तर ती नकोच. ॲनोफिलीस दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून निदान त्या वेळेत तरी मच्छरदाणी हवी. पातळ सुती कपडा, उंच टांगलेली मच्छरदाणी आणि बाहेरून पंखा, एवढ्याने उकाडा सुसह्य होतो. उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना चार काठ्या रोवून ती तेथेही टांगावी. झोळीच्या कापडातून डासाची सोंड सहज आत जाते, म्हणून झोळीतल्या बाळालाही वरून जाळी लागते आणि ती त्याच्या अंगाला टेकू देऊ नये. कीटकनाशक लावलेली टिकाऊ मच्छरदाणी मुलांना सुरक्षित आहे. ती साधारण वीस धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षांपर्यंत काम देते, मात्र कडक उन्हात न वाळवता सावलीत वाळवावी, आणि भोक पडले तर त्याच दिवशी सुईदोऱ्याने शिवून घ्यावे.